पाठीवर मावेल तेवढंच

बंदुकीचा चाप ओढण्याआधी माझे शेजारी एक प्रश्न विचारतात, आणि तो मोठ्याने विचारतात: हे इथून बाहेर कसं न्यायचं? उत्तर सापडलं नाही तर बंदूक खाली येते. एका भल्या थोरल्या नरावरून त्यांनी नजर काढून घेतलेली मी पाहिली आहे. वारा आमच्या बाजूचा होता, अंतर बेताचं होतं, दुर्बिणीतून शिंगांचे फाटे मोजता येत होते. पण तो उभा होता एका खोल घळीच्या पलीकडे, आणि घळीत वर्षानुवर्षं पडलेल्या वाळक्या स्प्रूसच्या खोडांचा खच होता. मोकळ्या पाठीने ती घळ पार करायलाच तास गेला असता. ओझं घेऊन, अंधारात, ती पार झालीच नसती. त्यांनी खटका बंद केला, "राहू दे त्याला तिथेच" एवढंच म्हणाले आणि थर्मासमधली कॉफी ओतायला घेतली.

शिकारीकडे मी आदराने पाहायला लागले ती त्या दुपारपासून. तोवर शिकार म्हटलं की डोळ्यांपुढे गोळी झाडण्याचा क्षणच यायचा. आता वाटतं, सगळ्या प्रकरणात तो क्षण सर्वांत लहान. त्याच्या आधी कित्येक तासांचं चालणं आणि थांबणं असतं, आणि त्याच्यानंतरचं सगळं काम पाठीचं असतं.

मी गोळी झाडत नाही. मी ओझं वाहते. कोलोरॅडोत राहायला आल्यावर काही वर्षांत हे ठरून गेलं. शेजारी सत्तरी ओलांडलेले. नजर आणि हात अजून स्थिर, पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून उतारावर वजन झेपत नाही. मी राजगड, हरिश्चंद्रगड, रतनगड करत मोठी झालेली, सॅक पाठीला लावून चालणं अंगवळणी पडलेलं. त्यांना खांदे हवे होते आणि मला डोंगर.

आम्ही जातो ते फ्लॅट टॉप्सच्या रानात, कोलोरॅडोच्या वायव्य भागात. वर सपाट पठारं, कडेने काळे कातळकडे. हा कातळ बसाल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. वयाने तो सह्याद्रीपेक्षा बराच तरुण आहे, पण कड्यांचे टप्पे, त्यांच्या पायथ्याचा घसारा आणि खाली उतरणाऱ्या सोंडा पाहून मला इथे कधी परकं वाटलं नाही. उन्हाळाभर वर चरलेली म्यूल डियर हरणं ऑक्टोबरच्या अखेरीस, बर्फाची चाहूल लागली की, खालच्या अ‍ॅस्पेनच्या रानाकडे सरकू लागतात. तोवर अ‍ॅस्पेनची पिवळी पानं गळून गेलेली असतात आणि पांढऱ्या खोडांमधून दूरवर दिसतं.

या रानात चाक चालत नाही, आणि आमचं सारं ओझं त्या एका गोष्टीतून येतं. १९१९ साली अमेरिकी वनखात्याने आर्थर कार्हार्ट नावाच्या तरुण आराखडाकाराला इथल्या ट्रॅपर्स लेककाठी पाठवलं. तळ्याभोवती उन्हाळी घरांसाठी भूखंड पाडायचे आणि रस्ता आखायचा, असं त्याचं काम होतं. त्याने मोजणी पूर्ण केली, आणि परत जाऊन वरिष्ठांना सांगितलं की या तळ्याकाठी काहीही बांधू नये. वनखात्याने ते मानलं. सरकारी नोकरीत नवा असलेला माणूस ज्या कामासाठी धाडला तेच काम होऊ नये म्हणून सांगतो आणि त्याचं ऐकलं जातं, याचं मला दर वेळी नवल वाटतं. या विचाराला पुढे १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याचं बळ मिळालं, आणि फ्लॅट टॉप्सला त्या कायद्याचं संरक्षण १९७५ मध्ये लाभलं. संरक्षित हद्दीत मोटार नाही, सायकल नाही, मेलेलं हरीण ओढून न्यायचा दोन चाकी गाडाही नाही. घोडा, खेचर, लामा चालतात. ज्याच्याकडे यांतलं काही नाही त्याने स्वतःची पाठ वापरायची. कार्हार्टने रस्ता होऊ दिला असता तर मला इथे बोलवायची कुणाला गरजच पडली नसती.

आणि हे रान त्याच्या आधी रिकामं नव्हतं. व्हाइट रिव्हर यूट लोकांचं हे शिकारीचं रान. १८७९ मध्ये इथल्या सरकारी ठाण्यावर संघर्ष पेटला आणि १८८१ मध्ये त्यांना इथून यूटामध्ये हाकलण्यात आलं. आज संरक्षित म्हणून जपलेल्या मोकळेपणात त्यांचं नसणंही मिसळलेलं आहे. हे ठाऊक असताना इथे नुसतं निसर्गसौंदर्य पाहत फिरणं मला जमत नाही. या मुलखातले लोक मांस पातळ कापून उन्हावाऱ्यात वाळवत, आणि त्यात मोठं शहाणपण होतं. मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. पूर्ण वाढलेल्या म्यूल डियर नराची हाडं काढली की साधारण ३० किलो मांस उरतं, म्हणजे त्यातलं वीस किलोंहून जास्त पाणीच. वाळवणाला मुक्काम लागतो, दिवस लागतात. ते आमच्याकडे नसतात, म्हणून आम्ही ते पाणीही डोंगर उतरवून आणतो.

हरीण पडलं की आधी कागद. परवान्याला जोडलेली चिठ्ठी शेजारी फाडतात, सही करतात, तारीख घालतात. मांस घरी पोहोचून कापलं जाईपर्यंत ती त्याच्यासोबत राहावी लागते. मग उष्णतेशी झगडा सुरू होतो. जिवंतपणी हरणाचं अंग ३८-३९ अंशांवर असतं. थंडीसाठी वाढलेले त्याचे केस आतून पोकळ, ऊब धरून ठेवणारे, आणि जनावर मेल्यावरही ते आपलं काम सोडत नाहीत. मागच्या मांडीत, जाड हाडाच्या भोवती, ऊब सर्वांत उशिरापर्यंत टिकते आणि मांस नासायला सुरुवात तिथूनच होते. बाहेर पाण्याच्या बाटलीत बर्फाचे तुकडे झालेले असले तरी मांडीचा गाभा कोमटच असतो. म्हणून कातडी लवकर उतरायला हवी.

शेजारी पोट फाडत नाहीत. हरणाला कुशीवर ठेवून पाठीच्या कण्यावरून एक लांब चीर देतात आणि त्या बाजूची कातडी पोटाच्या दिशेने सोलत नेतात. पुढचा पाय काढताना मला पहिल्यांदा एक गोष्ट कळली, ती मी अजून विसरलेले नाही: हरणाचा खांदा धडाला हाडाने जोडलेलाच नसतो. नुसत्या स्नायूंनी तो बरगड्यांवर धरलेला असतो. सुरी सपाट फिरवली की पाय अलगद हातात येतो. तरी ते जनावर चारही पायांवर एकदम उसळून चढ चढतं. मागचा पाय खुब्याच्या वाटीतून सुटतो. त्यानंतर कण्यालगतची लांब पट्टी, मानेचं मांस, बरगड्यांवरचं. मग कूस बदलायची आणि दुसरी बाजू. सगळ्यात शेवटी, शेवटच्या बरगडीमागून हात घालून, कण्याच्या आतल्या अंगाच्या दोन कोवळ्या पट्ट्या. आतडी जिथल्या तिथे राहतात, आणि कण्याला सुरी लागत नाही.

कण्याला न लागण्यामागे कारण आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात, पिंजऱ्यातल्या म्यूल डियर हरणांमध्ये एक रोग पहिल्यांदा ध्यानात आला. हरणं खंगत जात आणि मरत. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. बिघडलेल्या प्रथिनामुळे, प्रायॉनमुळे, तो होतो. ते प्रथिन मेंदूत आणि मज्जारज्जूत सर्वाधिक असतं, आणि घरच्या शिजवण्याने ते नष्ट होत नाही. माणसाला या रोगाची लागण झाल्याची नोंद नाही, तरी रोगी हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो. म्हणून डोकं तपासणीला द्यायचं आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवून वाट पाहायची.

सुटलेला प्रत्येक भाग विरळ कापडाच्या पिशवीत जातो. प्लास्टिक चुकूनही नाही, कारण त्यात ऊब आणि ओल दोन्ही कोंडतात. कापडातून वारा खेळतो, माशी बसत नाही, आणि मांसाचा वरचा थर सुकून घट्ट होतो. पिशव्या उत्तरेकडच्या सावलीत फांदीला टांगायच्या, आतड्यांपासून चांगल्या लांब. कोलोरॅडोतलं शेवटचं ज्ञात ग्रिझली अस्वल १९७९ मध्ये मारलं गेलं, पण काळी अस्वलं या दिवसांत हिवाळ्यासाठी पोटं भरत हिंडत असतात. ‘जे’ नावाचे राखाडी पक्षी तर आमची सुरी थांबायची वाटही पाहत नाहीत. हाताच्या अंतरावर येऊन बसतात आणि चरबीचे कण उचलून नेतात. ते न्यायला माझी काही हरकत नसते. त्यांच्यासाठी आणि मॅगपायांसाठी, कोल्ह्यांसाठी मागे पुष्कळ राहतं.

हाडं काढायची की ठेवायची, यावर शेजाऱ्यांचं आणि माझं एकमत नाही. ते म्हणतात, हाड खायचं नाही तर वाहायचं कशाला? खरं आहे, आणि मांडी उघडून हाड काढलं की गाभ्यातली ऊबही लवकर जाते. पण गरम मांस हाडावरून सोडवलं तर ते आखडतं आणि चिवट होतं. हाडावर राहिलं तर ताणलेलं राहतं. शिवाय सॅक भरणारीच्या बाजूने पाहिलं तर हाड म्हणजे आधार आहे. हाडासकटची मांडी सरळ उभी राहते. मी म्हणते, गाडी तासाभराच्या वाटेवर असेल तर मागच्या मांड्या हाडासकट घेऊ. त्याहून लांब असेल तर हाड काढू. बहुतेक वेळा गाडी लांबच असते.

सॅक भरणं हे काम मला मनापासून आवडतं, आणि कुणी ते घाईघाईत उरकलेलं मला पाहवत नाही. तंबू, कपडे, शिधा यांना आपापला आकार असतो. एकात एक खोचले की जागेवर बसतात. हाडाविना मांसाला आकार नसतो. ते ओलं, जड, निसरडं असतं आणि उताराकडे धावतं. नुसतं सॅकच्या पोटात सोडलं तर चार पावलांत तळाशी गोळा होतं. तळाचा तो गोळा माणसाला मागे ओढतो, तोल सावरायला माणूस कमरेतून पुढे वाकतो, समोरचं दिसावं म्हणून मान वर करतो, आणि पहिला चढ संपायच्या आत माकडहाडापाशी कळ उठते.

म्हणून मांसासाठीच्या सॅकची पिशवी चौकटीपासून सोडवता येते. चौकट आणि पिशवी यांच्यामध्ये फट उघडते, खाली मांस तोलून धरणारी एक रुंद जाड पट्टी असते. मांसाच्या पिशव्या त्या फटीत, पाठीला लागून. दोन्ही मांड्या उभ्या, एकमेकींना टेकून, जाड टोक वर आणि बारीक टोक खाली, म्हणजे वजनाचा मध्य खांद्याच्या पात्यांमध्ये येतो. मग आडवे पट्टे आवळायचे, आधी सगळ्यात खालचा. खालचा सैल राहिला आणि वरचे कितीही ओढले तरी मांस वाटेत खचणारच. एक फेरी झाली की सॅक उभी करून दोन्ही हातांनी हलवायची, आतलं सरकलं असेल तर पट्टे पुन्हा. नीट वाट असेल तर वजन उंच चांगलं. घसाऱ्यावरून किंवा पडलेल्या खोडांवरून उतरायचं असेल तर मी ते वीतभर खाली घेते, नाहीतर पाय घसरल्यावर सॅक डोक्यावरून पुढे जाऊ पाहते. डावं-उजवं हाताने उचलून पाहते. किलोभराचा फरक उभं राहताना कळतही नाही, आणि मैलभर गेल्यावर त्याच्याखेरीज दुसरं काही सुचत नाही.

बाहेरच्या पिशवीत पाणी, डोक्यावरचा दिवा, कोरडा स्वेटर, पट्ट्या-मलम. हे सगळं सॅक न उतरवता हाताला लागेल असंच, कारण भरलेली सॅक एकदा उतरवली की पुन्हा चढवायला निम्मी ताकद जाते. आणि सगळ्यात वरून नारिंगी कापड. बंदुकीच्या मोसमात शिकाऱ्याने अंगावर झळझळीत नारिंगी किंवा गुलाबी घालणं इथे सक्तीचं आहे. मी शिकारी नाही, तरी घालते. भरलेली सॅक पाठीवरची सगळी नारिंगी झाकून टाकते. संधिप्रकाशात झाडांतून हरणाच्या रंगाचं, हरणाच्या उंचीचं काहीतरी हलत जाणं धोक्याचं आहे, म्हणून कापड सॅकवर.

माणसाने हे ओझं कधीपासून वाहिलं असेल? आल्प्समध्ये १९९१ साली बर्फातून बाहेर आलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी नावाच्या माणसाच्या मृतदेहाजवळ हेझलची वाकवलेली काठी आणि लार्चच्या फळ्या मिळाल्या. अनेक अभ्यासक तिला पाठीवरच्या ओझ्याची चौकट मानतात. त्याच्या पोटात डोंगरी बोकडाचं आणि लाल हरणाचं मांस निघालं. हे वाचल्यावर मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नव्हते. चौकट होती, हरीण होतं, उतार होता. नव्हता तो कमरेचा रुंद पट्टा. तो फार अलीकडचा. डिक केल्टी नावाचा कॅलिफोर्नियाचा माणूस सिएरा नेवाडात चालत असताना खांदे फार दुखले म्हणून त्याने सॅकच्या चौकटीची खालची टोकं पॅन्टच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली, आणि खांदे एकदम हलके झाले. १९५२ पासून तो अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीच्या, कमरपट्ट्याच्या सॅक विकू लागला. शिवणकाम त्याची बायको नेना घरी करायची. आज ओझ्याचा मोठा भाग पेलते ती कंबर. पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसायला हवा. तो तिथे बसला की खांद्यांना फक्त सॅक अंगाशी धरून ठेवायचं काम उरतं.

माझी आजी पाटण तालुक्यातली. डोंगरातून जळणाचा भारा ती डोक्यावर आणायची. चुंबळीवर भारा, मान ताठ, हात मोकळे, वाटेत बोलणंही चालू. तिला कमरपट्टा ठाऊक नव्हता, पण वजन थेट कण्यावरून खाली उतरलं पाहिजे हे तिच्या मानेला ठाऊक होतं. १९८६ मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचं ओझं त्या डोक्यावरून नेतात तेव्हा मोकळं चालण्यापेक्षा जास्त शक्ती त्यांना लागतच नाही. नेपाळात नामचे बाजारच्या वाटेवर, कपाळाला पट्टा लावून डोको नावाची टोपली वाहणाऱ्या पुरुषांची ओझी सरासरीने त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास, ९३ टक्के, भरली. बायकांची ६६ टक्के. यांच्यापुढे मी वाहते ते वीसेक किलो म्हणजे काहीच नाही, आणि हे मी नम्रतेखातर म्हणत नाही. त्या बायकांना ओझं टाळता येत नव्हतं. आजीला पर्याय नव्हता, मला आहे. मी हे ओझं निवडून घेते, आणि निवडून घेतलेलं ओझं निदान नीट भरावं, नीट न्यावं, एवढं तरी तिच्या भाऱ्याचं देणं मी लागते.

भरलेली सॅक उचलायची नसते. उताराच्या वरच्या अंगाला तिला टेकवून ठेवायचं, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं, हात पट्ट्यांत घालायचे, कमरपट्टा लावून आवळायचा. मग कुशीवर वळून गुडघ्यांवर आणि तळहातांवर यायचं. तिथे थांबून श्वास घ्यायचा. एक पाय पुढे, दोन्ही काठ्या रोवून उभं राहायचं. उभी राहिल्यावर मी खांद्यावरचे छोटे पट्टे ओढते, वजन पुढे येऊन पाठीला चिकटतं आणि सॅक व मी एकत्र हलू लागतो. शेजारी पुढे चालतात, कण्याच्या पट्ट्या आणि मानेचं मांस घेऊन, बंदूक रिकामी करून. वीसेक किलो माझ्याकडे, राहिलेलं त्यांच्याकडे. डोकं आणि शिंगं दुसऱ्या खेपेला.

या क्रमाबाबत मी फार आग्रही आहे: मांस आधी, शिंगं नंतर. अलास्कात तर तसा नियमच आहे. कोलोरॅडोत शिंगं घेऊन मांस टाकून देणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि तो तसाच असला पाहिजे. शिंगांसोबत काढलेले हजारो फोटो मी पाहिले आहेत. भरलेल्या सॅकचा फोटो क्वचित दिसतो. ज्याने जनावर मारलं त्याने ते किती नेलं, हे शिंगांवरून कळत नाही. मानेवरचं, बरगड्यांमधलं, नळीवरचं मांस काढायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि ते वजनाला सर्वांत कमी भरतं. अंधार पडत असताना, बोटं गारठलेली असताना, कुणी पाहत नसताना शेजारी ते खरवडून काढतात. माझ्यासाठी माणसाची पारख त्या कामात होते.

चालताना मी फारसा विचार करत नाही. पाय कुठे टाकायचा एवढंच डोक्यात राहतं. उतारावर पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, खोड आडवं आलं तर त्यावरून उडी नाही. बसून, एक एक पाय पलीकडे. पण मधे कधी थांबून सॅक एखाद्या खडकावर टेकवली की पाठीला कापडातून गारवा लागतो. दुपारी जे कोमट होतं ते आता माझ्यापेक्षा गार आहे. म्हणजे मांस नीट राहिलं आहे. त्या गारव्याने मला समाधान वाटतं, आणि त्याच वेळी हेही आठवतं की सकाळी हे अंग माझ्याहून गरम होतं. दोन्ही गोष्टी एकाच जागी, पाठीवर, कळतात. मी साताऱ्यात आणि पुण्यात आयुष्यभर मटण खाल्लं. दुकानात काळ्या पिशवीत अर्धा किलो घेतलं आणि कधीही एवढा वेळ त्याच्याजवळ थांबले नाही. तेव्हाचं खाणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण एका जिवाचं वजन किती असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

तपासणीचा निकाल ठीक आला की शेजारी मला माझा हिस्सा देतात. इथे रानातलं मांस विकता येत नाही, देता येतं. सोबत सही केलेली चिठ्ठी, तिच्यावर परवान्याचा क्रमांक, जनावर, तारीख, किती दिलं ते. पहिल्या वर्षी त्यांनी मला कण्याच्या पट्ट्या देऊ केल्या, सर्वांत कोवळं मांस, वाहणाऱ्याचा मान म्हणून. मी त्यांना आमच्या गावातली रीत सांगितली. जत्रेला बोकड पडला की वाटे घालतात, आणि प्रत्येक वाट्यात प्रत्येक भागाचं थोडं थोडं असतं: मांडीचं, मानेचं, काळजाचं. कुणाला नुसतं चांगलं नाही, कुणाला नुसतं हाड नाही. तेव्हापासून त्यांच्या गॅरेजमधल्या टेबलावर वाटे घातले जातात. त्यांची मुलगी, समोरचं कुटुंब, चर्चमधल्या एक आजीबाई आणि मी. आई फोनवर आधी वाटे किती झाले ते विचारते, मग मसाला कोणता घातला ते. हरणाच्या मांसात चरबी जवळपास नसते, म्हणून मटणाच्या अंदाजाने शिजवलं तर कोरडं पडतं. मानेचं मांस मात्र कांदा-लसूण मसाला आणि भाजलेलं खोबरं घालून मंद आचेवर तीन तास ठेवलं की आईच्या रश्श्याच्या तोडीचं होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "पण आपल्याकडे हे चालायचं नाही गं." खरंच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने भारतात शिकार बंद केली, आणि आमच्या पाटणच्या रानातल्या सांबर-भेकरांसाठी ते योग्यच झालं, असं मला वाटतं. इथे हरणं मोजली जातात, आणि मोजणीवरून परवाने ठरतात. तिथे ती परिस्थिती नव्हती.

या वर्षी शेजाऱ्यांच्या दुसऱ्या गुडघ्यानेही कुरकुर सुरू केली आहे. फेब्रुवारीत त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून सरळ विचारलं, पुढच्या मोसमात तू परवाना काढशील का? ते वर येतील, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. मी विचार करायला वेळ मागितला. इतकी वर्षं वाहिल्यावर गोळीला नाही म्हणायला माझ्याकडे जे कारण होतं ते तपासून पाहिलं, आणि ते पुरेसं वाटलं नाही. माझं ओझं ज्या क्षणापासून सुरू होत होतं तो क्षण मी दुसऱ्याच्या बोटावर ठेवत आले होते. शिकारीतल्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी त्याचं कार्ड घेतलं. इथे हरणाचा परवाना सोडतीने मिळतो, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करावा लागतो. मी मादीचा परवाना मागितला आहे: अंगाने लहान, मांसाला मऊ, आणि शिंगांचा मोह नाही. अर्ज भरण्याआधी नकाशा टेबलावर पसरला, गाडीच्या जागेपासून पेन्सिलीने एक वर्तुळ काढलं, एकटीने दोन खेपांत जेवढं वाहून नेता येईल तेवढ्याच अंतराचं. त्यातली घळ खोडून टाकली. ओढ्यापलीकडचा उतारही खोडला, कारण बर्फ वितळून ओढ्याला पाणी आलं की परतीची वाट अडते. जे उरलं ते दोन सोंडा आणि मधलं अ‍ॅस्पेनचं रान. तिथे हरणं असतील का, ते जूनमध्ये जाऊन पाहायचं आहे. शेजारी म्हणाले, येतो, माझी काठी सापडली की.